वीस महिन्यांची मुलगी, दिवसाला चार बाटल्या दूध, हिमोग्लोबिन ८.८. दूध नेमकं किती द्यायचं?

पाऊसवेळ (प्रश्न)

मुलगी २० महिन्यांची, वजन १०.४ किलो, उंची वयाप्रमाणे. अंगावरचं दूध चौदाव्या महिन्यात सुटलं. तेव्हापासून पिशवीचं फुल क्रीम दूध, २४० मिलीच्या चार बाटल्या: उठल्याउठल्या, दुपारी झोपताना, रात्री झोपताना आणि पहाटे तीनच्या सुमारास झोपेतच. प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर. जेवण म्हणाल तर दिवसभरात मिळून चार-पाच घास वरणभात, थोडी दूधपोळी, एखादं बिस्किट. शौचाला दोन-तीन दिवसांनी होते, खडा होतो, रडते. भिंतीचे पोपडे काढून खाते.

रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ८.८, एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) ६२, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४.३, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) १९. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं आणि दूध कमी करा म्हणून सांगितलं. घरच्यांचं म्हणणं असं की मुळात ती जेवत नाही म्हणून तर दूध पाजतो, तेही तोडलं तर वजन उतरेल. तर:

या वयाला दिवसाला किती दूध पुरे? चार बाटल्यांवरून खाली कसं यायचं? गाईचं द्यावं की म्हशीचं, पाणी घालून की तसंच? आणि लोहाचं औषध दुधातून दिलं तर चालेल का? (असं घेत नाही, थुंकते.)

बालवैद्य

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते आजपासून लागू आहे: लोहाचं औषध दुधात अजिबात घालू नका. दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन लोह आतड्यातून शोषू देत नाही. औषध दुधाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर द्या, शक्यतो सकाळी, वरून दोन चमचे मोसंबीचा रस नाहीतर लिंबू पिळलेलं पाणी.

आता "जेवत नाही म्हणून दूध" याचा हिशोब मांडू. ६ टक्के स्निग्धांशाच्या १०० मिली दुधात साधारण ८८ किलोकॅलरी असतात. ९६० मिली म्हणजे सुमारे ८४५, वर चार चमचे साखरेच्या ८०. झाल्या सव्वानऊशे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये १ ते ३ वर्षांच्या, ११.७ किलो वजनाच्या मुलाची गरज दिवसाला १०१० किलोकॅलरी धरली आहे. त्या प्रमाणात १०.४ किलोला नऊशे येतात. म्हणजे मुलीची दिवसाची भूक बाटलीतच भागते. ताटासमोर बसते तेव्हा तिला भूक नसतेच. तिच्यात खोट नाही, आणि भरवणाऱ्यांचंही काही चुकत नाही.

वजन चांगलं दिसतं ते यामुळेच, आणि म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. पण कॅल्शियमची गरज दिवसाला ५०० मिलिग्रॅम असताना पोटात जातं साडेअकराशे, आणि लोहाची गरज ८ मिलिग्रॅम असताना लिटरभर दुधात मिळतं जेमतेम अर्धा ते दीड, त्यातलंही थोडंच अंगी लागतं. शिवाय दुधाचं प्रमाण फार असेल तर काही मुलांच्या आतड्यातून डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं थोडं रक्त जात राहतं. वर्षाच्या आतल्या बाळांत हे जास्त, पण मोठ्यांतही होतं.

मात्रा: ४०० मिली पुरे, ५०० ही वरची मर्यादा. त्यात दही, खीर, पनीर सगळं धरायचं. ४०० मिली दुधातून ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, गरज जवळजवळ तिथेच भागली.

रिपोर्टबद्दल थोडं. एमसीव्हीला आरबीसीने भागा: ६२ भागिले ४.३ म्हणजे १४.४. हा आकडा १३ च्या वर असेल तर लोहाची कमतरता अधिक संभवते, १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरचा (रक्ताचा सौम्य आनुवंशिक विकार) विचार करावा लागतो. आरडीडब्ल्यू १९ म्हणजे वाढलेला, तोही लोहाच्याच बाजूने बोलतो. पोपडे आणि माती खाणं हेही त्याच चित्रात बसतं. फक्त जुन्या रंगाच्या भिंतींत शिसं असू शकतं, त्यामुळे ती जागा न खरवडता आजच झाका किंवा समोर कपाट सरकवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

औषधाची मात्रा साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम मूळ लोह, दिवसातून एकदा, म्हणजे इथे तीसच्या आसपास. तुमच्या डॉक्टरांनी किती लिहिलंय ते पाहा आणि तेवढंच द्या. इथे हमखास घोटाळा होतो तो असा की ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगवेगळी असते. ड्रॉप्सची बाटली संपली आणि दुकानदाराने सिरप दिलं, तर "एक मिली"चा अर्थच बदलतो. लेबलवर 'एलिमेंटल आयर्न' (म्हणजे हेच मूळ लोह) प्रति मिली किती ते वाचा आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. चमच्याने नको.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढलेलं दिसायला हवं. वाढलं तर औषध बंद करायचं नाही. पातळी नॉर्मलला आल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवायचं असतं, नाहीतर शरीरातला साठा भरत नाही आणि सहा महिन्यांत आकडा पुन्हा घसरतो. नाही वाढलं तर आधी घरातच विचारा: औषध रोज पोटात जातंय का, दुधाजवळ तर देत नाही ना, चार बाटल्यांच्या खरोखर दोन झाल्या का. हे सगळं ठीक असेल तर पुढच्या तपासण्या. धाप लागणं, छाती जोरात धडधडणं, पावलांवर किंवा पापण्यांवर सूज, यातलं काहीही दिसलं तर चार आठवडे थांबू नका.

ताटवाटी

वरचा हिशोब घरच्यांना जरूर दाखवा. आता उतरायचं कसं ते सांगते. एका दिवसात चारही बाटल्या बंद करू नयेत, दोन-तीन दिवस मूल काहीच खात नाही आणि घरातलं धैर्य सुटतं. क्रम महत्त्वाचा.

साखर सगळ्यात आधी जाईल. चमच्याचा अर्धा, दोन दिवसांनी पाव, मग काही नाही. दोन वर्षांच्या आत वेगळी साखर लागतच नाही, आणि तिच्यामुळेच भरल्या पोटीही बाटलीची ओढ राहते.

मग पहाटेची बाटली. या वयाला मध्यरात्रीच्या दुधाची शरीराला गरज नाही, ती झोपेची सवय आहे. दर दोन दिवसांनी ३० मिली कमी करत न्या: २४०, २१०, १८०... पंधरा-सोळा दिवसांत शून्य. जागी झाली तर पेल्यातून पाणी आणि थोपटणं. दुधात पाणी वाढवत नेऊन बाटली "बेचव" करण्याची युक्तीही चालते, पण फक्त याच बाटलीपुरती आणि ती बंद होईपर्यंतच. बाकीच्या दुधात पाणी घालायचं नाही.

पहाटेची गेली की सकाळची. ही सगळ्यात मोक्याची, कारण दिवसातली सगळ्यात चांगली भूक तीच खाते. उठल्यावर तोंड धुतलं की अर्ध्या तासात खाणं समोर आलं पाहिजे, दूध नाही. गरम मऊ थालीपीठाचा चतकोर, मुगाचं धिरडं, अंड्याचं ऑम्लेट, नाचणीची घट्ट लापशी. दूध दहाच्या सुमारास, १२० मिली, पेल्यातून. दुपारची बाटली जेवण झाल्याशिवाय नाही, आणि आठवड्याभरात तिच्या जागी अर्धी वाटी दही. रात्रीचं दूध जेवणानंतर तासाने, १५० मिली, पेल्यातून, मग दात पुसून झोप. १२० अधिक १५० अधिक दही १००, म्हणजे ३७०. झालं.

बाटली पूर्ण बंद करा म्हणतेय याचं कारण दात. झोपेत तोंडात दूध साचून राहतं, लाळ कमी झालेली असते, आणि वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत पांढरी खडूसारखी रेघ उमटते. आज रात्री टॉर्च लावून वरचा ओठ उचलून बघा. रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी आहे, अजून सावरता येते. तपकिरी खड्डा असेल तर दंतवैद्य. ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा.

पेला कोणता? चहाचा छोटा स्टीलचा, जाड काठाचा, ८०-१०० मिलीचा. अर्धाच भरायचा. नळीचे, झडपेचे, चोखायचे कप आणू नका, ती बाटलीच झाली फक्त वेगळ्या आकाराची. सांडेल, सांडू द्या.

खाण्यात कायकाय बदलायचं यापेक्षा आहे त्यातलं एकच बदला: दूधपोळी, दूधभाकरी, दूधभात. आपल्याकडे मूल नीट खाईना की सगळं दुधात कुस्करतात. त्यामुळे बाजरीत आणि डाळीत जे थोडंफार लोह आहे तेही दुधातलं कॅल्शियम अडवून ठेवतं. भाकरी वरणात कुस्करा, वर लिंबाचे चार थेंब आणि अर्धा चमचा तूप. एवढ्याने फरक पडतो, कारण धान्य-कडधान्यातलं लोह 'क' जीवनसत्त्वाशिवाय फारसं शोषलं जात नाही. वरण पातळ नको, पळीवरून पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट. आमसुलाची आमटी किंवा टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटपणामुळे कढईचं थोडं लोह उतरतं, पण शिजल्यावर लगेच स्टीलच्या भांड्यात काढा, नाहीतर काळपट होते आणि मुलं तोंड फिरवतात.

मांसाहार चालत असेल तर काम निम्म्याने सोपं. खिमा, चिकनचा मांडीचा भाग बारीक करून, मऊ शिजवलेली कलेजी दोन चमचे आठवड्यातून एकदा (रोज नको, 'अ' जीवनसत्त्व फार होतं). हे लोह चांगलं शोषलं जातं, आणि सोबतच्या डाळीतलंही ओढून नेतं. शाकाहारी घरात मूग-मसूर, मोड काढलेली मटकी शिजवून कुस्करून, हरभऱ्याचं पीठ, लाल माठ, शेंगदाण्याचं बारीक कूट, तीळकूट. अख्खा शेंगदाणा, फुटाणा या वयाला देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. गुळाने लोह भरून निघतं असा समज फार आहे. मुलाला झेपेल एवढ्या गुळात ते नगण्य असतं, साखर मात्र पुरेपूर.

किती खावं: एक ते दोन वर्षांत दिवसाला तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी २५० मिलीच्या वाटीची पाऊण ते एक वाटी, मध्ये एक-दोनदा फळ किंवा खाऊ. तुमची मुलगी पहिल्या आठवड्यात पाव वाटीच खाईल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, मागे लागू नका, आणि "जेवली नाही, मग निदान दूध तरी" हे मात्र कुणीही करायचं नाही. सगळी मेहनत त्या एका बाटलीत वाया जाते. वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत. पहिल्या पंधरवड्यात शे-दोनशे ग्रॅम हललं तर घाबरू नका, बाटल्या उतरल्या की खडाही सैल पडतो आणि भूक येते.

डेअरी_तंत्र

दुधाच्या प्रकाराबद्दल. पिशवीवरचे शब्द म्हणजे स्निग्धांश: फुल क्रीम ६ टक्के, स्टँडर्डाइज्ड ४.५, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. दोन वर्षांपर्यंत डबल टोन्ड देऊ नये, मेंदूच्या वाढीला स्निग्धांश हवा असतो. पण मुलगी जेवतच नसेल तर फुल क्रीमनेही पोट लवकर भरतं. ३ ते ४.५ टक्क्यांचं दूध ४०० मिली दिलं तर दोन्ही साधतं. गाईचं की म्हशीचं, हा लोहाच्या बाबतीत वादाचा विषयच नाही, दोन्हींत ते नसल्यासारखंच. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, इतकाच व्यवहारात जाणवणारा फरक. पाणी घातलं की ऊर्जा, प्रथिनं, कॅल्शियम सगळंच त्या प्रमाणात घटतं आणि पोट मात्र भरतं. जड वाटत असेल तर कमी स्निग्धांशाची पिशवी घ्या.

ए-टू (केसिनच्या एका प्रकारावरून पडलेलं नाव) दुधासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याआधी एवढं पाहा: म्हशीचं दूध, मग पंढरपुरी असो की नागपुरी, तसंही ए-टूच असतं. खिल्लार, देवणी, डांगी या देशी गाईंचं बहुतांशी तेच. यातल्या कशानेही हिमोग्लोबिन वाढत नाही.

सुट्टं दूध घेत असाल तर उकळी येऊन वर चढल्यावर गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवा. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, "धारोष्ण" लहान मुलाला कधीच नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं (७२ अंशांवर १५ सेकंद), पण दुकानात फ्रीजबाहेर किती वेळ पडलं होतं ते कळत नाही, म्हणून एकदा उकळा. एकदाच. दिवसातून चार वेळा तेच पातेलं उकळलं की बी गटातली जीवनसत्त्वं, त्यांतलं फोलेटही, कमी होत जातात. लागेल तेवढं वाटीत काढून कोमट करा.

पिशवीवर '+एफ' खूण असेल तर त्यात लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घातलेलं असतं, म्हणजे २०० ते ३०० युनिट. ४०० मिलीतून ८० ते १२० युनिट मिळतात, या वयाची रोजची गरज ६००. त्यामुळे "दूध पिते, मग ड कशाला" असं समजू नये.

मोगरीचा_वेल

याच विषयावर विचारते. बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. नाचणीसत्त्व गाईच्या दुधात शिजवलं तर चालेल का? आणि चवीसाठी माल्टची पावडर?

बालवैद्य

शिजवण्यापुरतं थोडं दूध, चमचा-दोन चमचे दही चालेल. पिण्याचं मुख्य दूध म्हणून गाई-म्हशीचं दूध वर्ष पूर्ण झाल्यावरच, असं भारतातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात ६ ते ११ महिन्यांच्या, अंगावर न पिणाऱ्या बाळांसाठी फॉर्म्युला किंवा प्राण्याचं दूध दोन्ही चालतील असं म्हटलंय, पण तेव्हा लोह देणाऱ्या आहाराची जबाबदारी आणखी वाढते. तुमचं बाळ अंगावर पितंय, तेच चालू ठेवा. सत्त्वापेक्षा मोड काढून वाळवून दळलेलं नाचणीचं पीठ चांगलं, सत्त्व गाळताना कोंड्याबरोबर बरंचसं कॅल्शियम आणि तंतू निघून जातात.

माल्टची पावडर नको. तिच्यात साखरेचं प्रमाण मोठं असतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही.

अंगणवाडी_ताई

सरकारी योजनेतलं एक सांगते, बऱ्याच घरांना माहीत नसतं. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून लोहाचं सिरप मोफत मिळतं. एका मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आठवड्यातून दोन वेळा एक-एक मिली. हे रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. पाऊसवेळ यांच्या मुलीला उपचाराचं औषध रोज चालू आहे, तर दोन्ही एकत्र देऊ नका, आशाताईंना तसं सांगून ठेवा.

जंताचं औषध वर्ष पूर्ण झाल्यावर दर सहा महिन्यांनी: एक ते दोन वर्षांना अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल), पुढे पूर्ण. लहानग्यांना गोळी चुरून पाण्यातूनच द्या, अख्खी गिळायला देऊ नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत १०० पैकी जवळजवळ ६९ जणांना रक्तक्षय निघाला. चांगल्या वजनाची, गोऱ्यागोमट्या गालांची बाळंही त्यात असतात. म्हणून वजनकाट्याबरोबर पापणी खाली ओढून आणि तळहात बघायला विसरू नका.

पाऊसवेळ

सगळ्यांचे आभार. दातांवर पांढरी रेघ आहे, दोन दातांवर. बाटली बंदच करतोय. दोन शंका: औषधाने शी काळी होते ते ठीक आहे ना? आणि दूध कमी केल्यावर बदामाचं दूध किंवा शेळीचं दूध दिलं तर?

ताटवाटी

शी काळी किंवा हिरवट होणं ठीक, औषध पोहोचतंय. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी येणारी असेल किंवा लाल रक्त दिसलं तर डॉक्टर. औषधाने दात काळपट दिसू शकतात, म्हणून सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला मागे धरून हळूहळू सोडा आणि वर पाणी पाजा. थुंकणंही त्याने कमी होतं. औषधाची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, कुलपात असली तर उत्तम. लोहाची अख्खी बाटली प्यायलेलं मूल ही इमर्जन्सी असते, उलटी करवत बसू नका, बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

बदामाच्या दुधात प्रथिनं फारच थोडी, ते दुधाला पर्याय नाही. शेळीच्या दुधात लोह नाहीच, शिवाय फोलेट कमी, त्यावरच वाढवलेल्या मुलाला वेगळ्या प्रकारचा रक्तक्षय होतो. तुम्हाला दुधाला पर्याय शोधायचाच नाहीये, ३७०-४०० मिली साधं दूध आणि दही चालूच राहणार आहे. कमी झालेल्या साडेपाचशे मिलीची जागा ताटाने घ्यायची आहे.